मामा, पॅचवालं घेऊ का?

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. 'टॉप गन : मॅव्हरिक' त्याने म्हणे चौथ्यांदा पाहिला आणि आता त्याला टॉम क्रूझसारखं लेदर जॅकेट हवं आहे. एक सापडलंयसुद्धा. छातीवर, पाठीवर, बाह्यांवर मिळून डझनभर पॅच शिवलेले, आणि कातडं कारखान्यातच घासून-बिसून 'जुनं' केलेलं. "मामा, तुला यातलं कळतं. पॅचवालं घेऊ का?"

यातलं मामाला कळतं हे आमच्या घराण्यात आता सर्वमान्य आहे. मामाला दुसरं काही कळतं का, यावर मात्र एकमत नाही. असो. फोनवर नुसतं "नको घेऊस" म्हणून मोकळा झालो असतो, पण मग ताईने विचारलं असतं की पोराच्या हौसेवर पाणी का टाकतोस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे खूळ काय आहे ते सांगायला हवं. अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाने १९३१ साली वैमानिकांसाठी एक जॅकेट मंजूर केलं. त्याचं सरकारी नाव ए-२. गडद तपकिरी रंग, बहुतेक वेळा घोड्याचं कातडं, पुढे चेन, चेनच्या मागे वारा अडवायला एक पट्टी, कॉलरची टोकं दाबून बसवायला टिचबटणं, मनगटाला आणि कमरेला विणलेल्या लोकरीचे पट्टे, आणि पुढे झाकणाचे दोन खिसे. बस, संपलं. आत खिसा नाही, हात खुपसून उभं राहायला बाजूचे खिसे नाहीत. लांबी कमरेपर्यंतच, कारण वैमानिक बसलेला असतो. मला या जॅकेटमध्ये सगळ्यात जास्त आवडते ती ही काटकसर. एकही गोष्ट शोभेसाठी नाही.

गंमत म्हणजे ते फारसं उबदारही नव्हतं. इंग्लंडहून जर्मनीवर जाणारी बी-१७ विमानं पंचवीस हजार फुटांवरून उडायची. तिथे उणे चाळीस तापमान, आणि विमानात हवा कोंडून ठेवायची सोय नाही. तिथे मेंढीच्या कातड्याचे जाड कोट लागायचे, नाहीतर विजेवर तापणारे सूट. पातळ ए-२ पोरांना प्रिय होतं ते जमिनीवर. सुट्टीच्या दिवशी गावात जाताना ते अंगात असलं की लोकांना कळायचं, हा विमानातला. १९४३ साली हवाई दलाने ए-२ची नवी मागणी थांबवून कापडी जॅकेट आणलं, तरी ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते सोडलं नाही. (भाचेबुवा, तुमच्या टॉम क्रूझचं आहे ते नौदलाचं जी-१. बकऱ्याचं कातडं, कॉलरला लोकर. चुलत भाऊ म्हणा.)

आज या जॅकेटांच्या हुबेहूब प्रती करणारे लोक आहेत. इंग्लंडात ईस्टमन, स्कॉटलंडमध्ये एअरो, जपानमध्ये बझ रिक्सन आणि रिअल मॅकॉय. युद्धकाळात वेगवेगळ्या कारखान्यांना कंत्राटं दिली होती, त्यामुळे प्रत्येकाची कॉलर जराशी वेगळी, खिशाचा कोन वेगळा. आमच्यासारखे खुळे लोक जुना फोटो पाहून 'हे रफ वेअरचं दिसतंय' यावर तासभर वाद घालू शकतात. दोऱ्याचा रंग, इंचाला टाके किती, चेन कोणत्या कंपनीची... बायको म्हणते, एवढ्या बारकाईने तू लग्नाच्या वेळी मुलगीसुद्धा पाहिली नव्हतीस.

मीही एकदा पैसे साठवून घोड्याच्या कातड्याचं मागवायला निघालो होतो. चांगली प्रत आठशे-हजार पौंडांना पडते, त्यामुळे बायकोला आधी कल्पना दिली, आणि तिने ती आईला दिली. आईचा फोन. "अरे, आपलं कुलदैवत कोण? खंडोबा! खंडोबाचं वाहन कोणतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी बकऱ्याच्या कातड्याचं घेतलं. तशी ए-२ही युद्धात होती, म्हणजे इतिहासही राखला आणि जेजुरीही. बोकडाच्या बाजूने आई काही बोलली नाही.

पण हे माझं पहिलं जॅकेट नव्हे. पहिल्याची गोष्ट मी घरी कोणाला कधी नीट सांगितलेली नाही.

केंब्रिजला आलो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, २००६ साली, एका दुकानाच्या सेलमध्ये मी एक जॅकेट घेतलं. मेंढीचं पातळ कातडं, खोटा जुनेपणा, छातीवर कुठल्या तरी स्क्वाड्रनचा पॅच. पाठीवर विमान रंगवलेलं, त्याखाली ओळीने छोटे पिवळे बॉम्ब. पंचवीस. मला ते भारी वाटलं होतं. ऑफिसमध्ये सगळ्यांनी वळून पाहिलं, त्याने तर आणखीच.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पाहुण्यांना घेऊन मॅडिंग्लीला गेलो. केंब्रिजपासून चार-पाच किलोमीटरवर अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. गवताच्या उतारावर सुमारे ३,८०० पांढऱ्या खुणा, वर्तुळाच्या कमानींसारख्या ओळींत. बाजूला जवळजवळ दीडशे मीटर लांबीची दगडी भिंत, आणि तिच्यावर पाच हजारांहून जास्त नावं. ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांची. पूर्व इंग्लंडातल्या धावपट्ट्यांवरून अमेरिकेचं आठवं हवाई दल उडत असे. त्या एका दलाची २६ हजारांहून जास्त माणसं मेली.

पंचवीसचा हिशोब मला तिथे उमगला. १९४३ साली बॉम्बर विमानातल्या माणसाला पंचवीस मोहिमा पुऱ्या केल्या की घरी जाता यायचं. (पुढे तो आकडा तीस आणि मग पस्तीस केला.) एका मोहिमेला एक बॉम्ब, असं पोरं आपल्या पाठीवर रंगवून घ्यायची. कोणाच्या पाठीवर सात, कोणाच्या अकरा, आणि तिथेच थांबलेले. पंचवीस म्हणजे हा माणूस वाचला. माझ्या पाठीवर पंचवीस होते, सेलमध्ये, चाळीस टक्के सूट.

भिंतीपाशी एक वयस्क अमेरिकन बाई तिच्या मुलाबरोबर नाव शोधत होती. सापडल्यावर तिने त्या अक्षरांवर हात ठेवला. मी तिच्या पुढेच उभा होतो, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे माझी पाठ बरोबर तिच्याकडे. ती मला काही बोलली नाही. कदाचित तिने पाहिलंही नसेल. मी जॅकेट काढलं, अस्तर बाहेर येईल असं उलटं करून घडी घातली आणि काखेत धरलं. पाहुणे विचारत होते, अरे थंडी नाही का वाजत? म्हटलं, नाही. दात वाजत होते.

घरी येऊन ब्लेडने छातीवरचा पॅच उसवला. सुईची भोकं राहिली, कातड्यावरची भोकं बुजत नाहीत. पाठीवरचा रंग तर निघालाच नाही. मग ते जॅकेट कपाटाच्या तळाशी गेलं, आणि अजून तिथेच आहे. टाकवतही नाही, कोणाला देववतही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? कापडाचा तुकडा आणि चार ब्रश रंग. पण त्या काळी हे तुकडे नुसती शोभा नव्हते. चीनच्या बाजूने लढणाऱ्या 'फ्लाइंग टायगर्स' या अमेरिकन वैमानिकांच्या जॅकेटांवर चिनी झेंडा आणि चिनी मजकूर शिवलेला असायचा. मतलब असा, की हा परदेशी माणूस आपल्या मदतीला आला आहे, याला वाचवा. विमान पडलं आणि भाषा येत नसली तर तो तुकडाच बोलायचा. आपल्या आसामातल्या दिनजान, चबुआ इथून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला रसद नेणाऱ्यांकडेही असे कापडी निरोप असत. त्यांच्या बाहीवरचे, भारताचा तारा आणि चीनचा सूर्य असलेले पॅच कितीदा आपल्याकडच्या कारागिरांनीच कातड्याचे तुकडे जोडून किंवा जरीने भरून दिलेले आहेत. एखादा खरा तुकडा लिलावात दिसला की मी आधी टाके बघतो. कोणाचे हात असतील ते?

आणि दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये एक अमेरिकन बॉम्बार्डियर ब्रेमेनच्या मोहिमेत पडला आणि जर्मनांच्या हाती लागला. त्याच्या जॅकेटच्या पाठीवर विमानाचं नाव लिहिलेलं होतं, 'मर्डर इंक'. मराठीत 'खून कंपनी' म्हणू. विशीतल्या पोरांचा वात्रटपणा. जर्मनांनी त्याच्या पाठीचा फोटो छापून जगाला दाखवलं, बघा, हे स्वतःच स्वतःला खुनी म्हणवतात. प्रचार तो प्रचार, आणि करणारे कोण होते ते आपल्याला ठाऊक आहे. पण बॉम्ब खाली कुठे तरी पडतातच. त्यातला प्रत्येक पिवळा बॉम्ब म्हणजे एखाद्या गावातली एक सकाळ. ज्याने तो रंगवला त्याने तरी निदान स्वतःचा जीव पणाला लावला होता. मी काय लावलं होतं? क्रेडिट कार्ड.

टॉम क्रूझच्या पाठीवरचंच बघ. तिथला मोठा पॅच 'यूएसएस गॅल्व्हस्टन' या युद्धनौकेच्या १९६३-६४च्या पूर्वेकडच्या सफरीचा आहे, त्यावर जपान आणि तैवानचे झेंडे. २०१९ साली ट्रेलर आला तेव्हा त्या झेंड्यांच्या जागी तशाच रंगांची भलतीच चिन्हं दिसली आणि केवढी ओरड झाली! २०२२ मध्ये चित्रपट आला तेव्हा झेंडे परत जागेवर. सिनेमातल्या खोट्या वैमानिकाच्या पाठीवरून एवढं होतं, म्हणजे पॅच ही भाषा आहे. न वाचता अंगावर मिरवू नये.

आता एक प्रामाणिक कबुली. मग साधं जॅकेट तरी कशाला, तेही त्या युद्धाचंच ना, असं कोणी विचारलं तर मी पूर्ण सुटत नाही. त्या कॉलरची, त्या कमरेची ऐट मला त्या पोरांमुळेच वाटते. मार्च १९४५ मध्ये याच हवाई दलाने एका रात्रीत टोकियो जाळलं, सुमारे एक लाख माणसं गेली. आणि आज ए-२ची सर्वांत नेमकी प्रत टोकियोत मिळते! जपानी माणूस ती टाका-टाका मोजून शिवतो, तेव्हा त्याच्या मनात काय असतं मला सांगता येणार नाही. मी एवढंच ठरवलं आहे. जॅकेट हे शिंप्याचं काम आहे, चांगलं काम आहे, ते घालावं. त्यावरच्या खुणा मात्र ज्याच्या त्याच्या. इथल्या 'द ईगल' पबच्या छतावर वैमानिकांनी लायटरने आणि मेणबत्तीने आपली नावं जाळून ठेवली आहेत. लोक खाली बसून बिअर पितात, वर बघतात. त्यात आपलं नाव कोणी घालत नाही.

तर भाचेबुवा, उत्तर असं. पॅचवालं नको. जुनं केलेलंही नको. कोरं घे आणि स्वतः जुनं कर. माझ्या बकऱ्याच्या जॅकेटला आता कोपरावर घड्या आहेत, डाव्या बाहीवर मुलीच्या सायकलच्या ब्रेकचा ओरखडा आहे, आणि उजव्या खिशाचं झाकण किल्ल्यांनी काळं पडलंय. यातलं काही विकत मिळत नाही.

हजार पौंड घालवायची तर मुळीच गरज नाही. पुण्यात थंडी किती, दीड महिना. धारावीत चामड्याची दुकानं ओळीने आहेत. तिथे बकऱ्याचं चांगलं कातडं निवडून साधं जॅकेट शिवून मिळेल, फक्त फोटो नीट ने आणि चेन चांगली लाव म्हणून सांग. बाइकवर पडलास तर हे वाचवेल असं समजू नकोस. खांद्या-कोपराला संरक्षक पॅड असतात ते जॅकेट वेगळं, ते ताईला सांगून वेगळं घे. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, बुरशी येते. जाड हँगरवर टांग, वरून जुनी सुती चादर. भिजलं तर सावलीत वाळव, हिटरपुढे नाही.

छाती, खांदे आणि बाही मोजून पाठव, मी कोणत्या साईजचं शिवायचं ते सांगतो. आणि आजीला आधीच सांगून ठेव, बकऱ्याचं आहे म्हणून.