कसोटी नसलेले तारण

बँकेत सोनेतारणाचे कर्ज द्यायचे तर आधी सराफ दागिना कसोटीवर घासून पाहत असे. त्या बारीक रेघेने दागिन्याचे काही बिघडत नसे. फ्रान्समधल्या जुन्या रेड वाइनला अशी कसोटी नाही. बूच काढल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि बूच काढले की तारणच संपले!

खरे तर ही वाइन पारखायची ती पेल्यातच. तरुण वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीबियांतले टॅनिन कच्च्या सुपारीसारखे तुरट लागते, तोंड आवळते. वर्षे सरतात तसे टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो. लाल रंग कडेला विटकरी दिसू लागतो. फळांचा वास मागे पडून सुकी पाने, चामडे, ओली माती यांचे वास पुढे येतात. म्हणून बाटली आधी उभी ठेवायची, गाळ न हलवता ओतायची आणि सावकाश घोट घ्यायचा.

पण आज अशा कित्येक बाटल्या गोदामातच मालक बदलतात. पिणारा येतच नाही. लबाडीला हीच जागा सोयीची. अमेरिकेत रूडी कुर्नियावान याने घरी वाइनी मिसळून, जुनी लेबले डकवून त्या लाखो डॉलरना विकल्या. जाणकारांच्या जिभाही फसल्या. बिंग फुटले ते तारखेवरून. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतल्या पाँसो घराण्याची ‘क्लो सँ दनी’ १९४५ सालापासूनची म्हणून आली. घराण्याने ती करायला घेतली होती १९८० नंतर! २०१४ मध्ये कुर्नियावानला १० वर्षांची शिक्षा झाली.

पुढे तर बाटलीचीही गरज उरली नाही. २०२२ मध्ये ब्रुकलिनच्या सरकारी वकिलांनी दोघा ब्रिटिशांवर आरोप ठेवला. उंची वाइन तारण आहे असे सांगून त्यांनी कर्जासाठी ९.९ कोटी डॉलर गोळा केले, आणि ते तारण नव्हतेच, असा तो आरोप होता.

२०२२ नंतर उंची वाइनचे दर घसरले, गुंतवणूकदार हळहळले. मला तितके वाईट वाटले नाही. सोने तिजोरीत शंभर वर्षे पडले तरी सोनेच राहते. वाइन पिकते आणि मग उतरते. कागदावरच्या भावाला त्याचा पत्ता नसतो. ज्या मालाची चव घ्यायला कोणी तयारच नाही, त्यावर मी तरी कर्ज मंजूर केले नसते.