नीरा नरसिंहपूर : आधी नदी, मग फरशी

मंडळी, फ्रान्समधल्या नदीकाठच्या जुन्या गावांचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. दगडी घरं, अरुंद बोळ, खाली संथ पाणी. छानच आहेत. पण एकदा केमहून टेंभुर्णीमार्गे नीरा नरसिंहपूरला जाऊन या. नीरा-भीमेचा संगम, काठावर लक्ष्मी-नृसिंहाचं मंदिर, पाण्यात उतरणारा दगडी घाट, भोवती ऊस. गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा.

आपण तिथं करतो काय? दर्शन, नारळ, सेल्फी, की लगेच गाडीला स्टार्टर. गावात फिरायचं नाही, जेवायचं नाही. मग गावाच्या हाती काय लागणार?

आणि ‘विकास’ म्हटला की आपल्याकडे चकचकीत फरशी, पत्र्याचं शेड अन् वाढदिवसाचा फ्लेक्स! फ्रान्समध्ये १९४३ पासून कायदा आहे. संरक्षित वास्तूच्या ५०० मीटर परिसरात काही बांधायचं-बदलायचं तर आधी परवानगी लागते. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूंभोवती आपल्याकडेही १०० मीटर बांधकामबंदी आहे, पण ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, अशा जुन्या घाटाला वाली कोण?

त्याहून मोठं दुखणं पाण्याचं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी उजनीत, उजनीचं पाणी भीमेतून संगमावर, पुढं पंढरपूरला. तेच आपण तीर्थ म्हणून घेतो. केमचं कुंकूही असल्याच देवस्थानांच्या दुकानांतून खपतं, तेव्हा विषय आपलाही आहे. मतं मागायला येतील त्यांना आधी नदीचं विचारा. फरशीचं नंतर बघू.