काळोखी चित्रकथा आणि वाचकांचा कौल

ज्या सरावली गावाच्या शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत पसरली आहे आणि तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज निर्माण करीत आहे, तेथे विज्ञानाचे भविष्य ही निव्वळ कल्पनेची बाब राहत नाही; म्हणूनच ‘जज ड्रेड’ या ब्रिटिश चित्रकथेविषयीचा वाचकांतील मतभेद आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो. जॉन वॅग्नर व कार्लोस एझ्केरा यांनी १९७७ मध्ये ‘२००० एडी’ या मुलांच्या साप्ताहिकात उभा केलेला, आणि पुढे प्रौढांचाच झालेला हा अंमलदार, अणुयुद्धोत्तर महानगरात तपास, निवाडा व शिक्षेची तामिली एकटाच करतो. तेथे वकील नाही, अपील नाही, आणि शिरस्त्राणाखालचा चेहराही वाचकांपासून झाकलेला. कित्येकांना तो आदर्श न्यायदाता वाटतो, कित्येकांना ही कथा हिंसेचा पुरस्कार वाटून त्याज्य ठरते. आमच्या मते दोन्ही पक्षांच्या हातून तिच्यातील उपरोध निसटला आहे, कारण जलद न्यायाच्या मोहात नागरिक आपले हक्क कसे स्वखुशीने गहाण टाकतो, हाच तिचा खरा विषय आहे. १९६० पासून ‘मार्मिक’ साप्ताहिकाची व्यंगचित्रे आणि पुढे जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आवडीने वाचणाऱ्या मराठी वाचकाला हा विषय परका नाही. तेव्हा अनुकूल वा प्रतिकूल, आपले मत सकारण लिहून अवश्य पाठवावे.