मारण्याआधी बरणी आणा

जीव घेऊ शकणारा कोळी घरात दिसला तर तो मारावा का, यावर वाद कसला, असेच बहुतेकांना वाटेल. पण ज्या शहरात असा कोळी खरोखरच घरात शिरतो, तिथला अनुभव वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या परिसरात, विशेषतः उत्तरेकडच्या दाट झाडीच्या उपनगरांत, फनेल-वेब हा कोळी राहतो. काळा, तुकतुकीत, दणकट अंगाचा हा प्राणी ओलसर मातीतल्या बिळात घर करतो. हॉर्न्सबीसारख्या ज्या भागांत गेल्या काही वर्षांत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली, तो याचा जुना मुलूख. मादी सहसा बीळ सोडत नाही. नर मात्र तिथल्या उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबरपासून पुढे, मादीच्या शोधात रात्री बाहेर पडतो. पाऊस पडून गेला की त्याची भटकंती वाढते. मग तो दाराबाहेर काढलेल्या बुटात, जमिनीवर पडलेल्या कपड्यांत किंवा पोहण्याच्या तलावात सापडतो. त्याचे विष मादीच्या विषापेक्षा कितीतरी तीव्र असते.

1927 ते 1980 या काळात या कोळ्याच्या दंशाने 13 माणसे दगावल्याची नोंद आहे. 1981 मध्ये प्रतिविष वापरात आले आणि त्यानंतर एकही मृत्यू झालेला नाही. त्या आधीची पन्नासेक वर्षे सिडनीतले लोक काही कोळी गोंजारत बसले नव्हते. दिसेल तो ठेचतच होते. तरीही माणसे मरत राहिली, कारण चावणारा कोळी बहुधा आधी दिसलेला नसतोच. मृत्यू थांबले ते मेलबर्नच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. स्ट्रुअन सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने केलेल्या कामामुळे. आपल्या कोकणाने हेच दुसऱ्या वाटेने अनुभवले आहे. तिथल्या लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू घटले, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवल्यावर. विंचू मारणे तर कोकणात पिढ्यान् पिढ्या चालूच होते.

सिडनीचे प्रतिविष बनते ते त्याच कोळ्याच्या विषापासून, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा भर इथे आहे. सिडनीच्या उत्तरेला सोमर्सबी इथल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये नर कोळ्याला डिवचतात. तो पुढचे पाय उचलून मागे रेलतो, विषदंत उघडतो, आणि त्यांच्या टोकांवर विषाचे बारीक थेंब जमतात. बारीक काचेच्या नळीने ते शोषून घेतात. एका कुपीपुरते विष मिळवायला असे साधारण 150 ते 200 वेळा करावे लागते. पुढे सशांना या विषाचे वाढते डोस देऊन त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार होते. माणसाला घातक ठरणारे हे विष सशाला तितके बाधत नाही. वयात आलेला नर फार काळ जगत नाही आणि कुपीलाही मुदत असतेच. त्यामुळे नवे नर सतत लागतात, आणि ते पुरवतात सामान्य नागरिक. लोकांनी बरणीत पकडून आणलेले कोळी ठरलेल्या केंद्रांवर स्वीकारले जातात. मारलेला नर फार तर त्या एका घराचा त्या रात्रीचा धोका टाळतो. जिवंत पोचवलेला नर कुणातरी अनोळखी मुलाच्या कुपीत भर घालतो.

घरात रांगते मूल असताना हा जुगार कुणी खेळायचा, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मूल जवळ असेल, हात कापत असतील, बरणी सापडत नसेल, तर कोळी मारावा आणि त्याची खंत करू नये. एका नराच्या मरणाने ही जात संपणार नाही. पण मारणे हाच सुरक्षित मार्ग, हे गृहीत तपासून पाहायला हवे. चप्पल उगारायची तर हात त्याच्या टप्प्यात न्यावा लागतो, आणि हा कोळी डिवचला की पळण्याऐवजी अंगावर येण्याच्या पवित्र्यात उभा राहतो. उलट त्याला गुळगुळीत काच चढता येत नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी त्याच्यापुढे आडवी धरायची, लांब पट्टीने त्याला आत ढकलायचे, झाकण लावायचे. हात सगळा वेळ लांबच राहतो. हे काम मोठ्यांचे, मुलांचे मुळीच नव्हे. घरभर कीटकनाशक फवारण्यावरही माझा विश्वास नाही. बिळातल्या कोळ्यापर्यंत ते नीट पोचत नाही, आणि शेजारच्या झाडीतून येणारा नर येतोच. मरतात ते घरातले इतर कोळी, त्यात झुरळे खाणारा बिनधोक हंट्समनही.

दंश झालाच तर कोळी शोधून ठेचण्यात एक मिनिटही घालवू नये. फनेल-वेबच्या विषाने थोड्याच वेळात घाम, लाळ, स्नायूंची थरथर, श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो. हाता-पायाला दंश झाला असेल तर त्या संपूर्ण अवयवावर रुंद पट्टी घट्ट गुंडाळावी, फळी बांधून तो हलू देऊ नये, माणसाला चालू देऊ नये आणि 000 वर फोन करावा. रेडबॅक हा तिथलाच दुसरा विषारी कोळी चावला तर मात्र पट्टी आवळायची नाही, बर्फ लावायचा. सिडनीला मुलाकडे-मुलीकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना आपण स्वेटर आणि औषधे आठवणीने बांधून देतो. बाहेर ठेवलेले बूट झटकून घालायचे आणि बागेत हातमोज्यांशिवाय माती उकरायची नाही, हेही निघण्याआधी सांगावे, आणि तिथल्या घरात रुंद पट्टी कुठे ठेवली आहे ते पोचल्या दिवशीच दाखवावे.