वाणीच्या आड राहिलेले विधेयक

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बॅ. नाथ पै यांचे नाव निघाले की पाठोपाठ त्यांच्या वक्तृत्वाची थोरवी येते. आणि ती गाऊन झाली की, भाषणांखेरीज संसदेत त्यांच्या हातून ठोस असे काय झाले, ही शंकाही हळूच पुढे सरकवली जाते. ते विरोधी बाकांवरच बसले, मंत्री झाले नाहीत, हे या आक्षेपाचे आधार होत. आधार खरे आहेत. निष्कर्ष मात्र टिकणारा नाही.

वेंगुर्ल्यात 1922 साली जन्मलेले नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून 1957, 1962 व 1967 मध्ये लोकसभेवर निवडून गेले. 27 फेब्रुवारी 1967 रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी असे ठरवले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. वादाचे मूळ एका शब्दात होते. हक्क हिरावणारा 'कायदा' राज्यसंस्थेने करू नये असे अनुच्छेद 13 सांगतो, आणि बहुमतातील न्यायमूर्तींनी घटनादुरुस्तीही या 'कायद्या'तच मोजली. 1951 व 1964 साली मात्र याच न्यायालयाचे मत नेमके उलट होते. निकालानंतर त्याच वर्षी नाथ पैंनी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले आणि घटनेतील कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार अनुच्छेद 368 मध्ये स्पष्ट लिहावा असे सुचवले. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले, सभागृहात रेंगाळले, आणि 27 डिसेंबर 1970 रोजी लोकसभाच विसर्जित झाल्याने बारगळले. तीन आठवड्यांनी, 18 जानेवारी 1971 रोजी, नाथ पै बेळगावात निवर्तले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या 24व्या घटनादुरुस्तीचा गाभा त्यांच्या विधेयकाचाच होता. 1970 नंतर एकही अशासकीय विधेयक संसदेत संमत झालेले नाही, हे ध्यानी घेता 'संमत झाले नाही म्हणून वाया गेले' हे मापच खोटे ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संसदेच्या अशा अधिकाराच्या विचारानेच पुढे आणीबाणीची वाट मोकळी केली. परंतु 1975 ची आणीबाणी अनुच्छेद 352 खाली पुकारली गेली आणि हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट अनुच्छेद 359 खाली बंद झाली. ही दोन्ही कलमे घटनेत आरंभापासून होती, त्यांना नाथ पैंच्या विधेयकाची गरज नव्हती. उणीव दाखवायचीच तर ती अन्यत्र आहे. संसदेच्या अधिकाराला आशयाची सीमा त्या विधेयकाने आखली नाही. ती 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने 'मूलभूत चौकट' या तत्त्वाने आखली, आणि तीही 24वी दुरुस्ती वैध ठरवूनच. ज्यांना नाथ पैंशी वाद घालायचा आहे त्यांनी तो या मुद्द्यावर घालावा. त्यासाठी अर्थातच त्यांच्या आवाजाच्या आठवणी जरा बाजूला ठेवून विधेयकाचा मसुदा उघडावा लागतो.