जुनं हार्वेस्टर दारात असेल तर

सोयाबीन काढायला येतं तेव्हाच परतीचा पाऊसही डोक्यावर असतो. अशात तुमचं हार्वेस्टर एका बेअरिंगपायी चार दिवस उभं राहिलं, तर शेंगा तडकतात, दाणा भिजतो. ज्यांना तुम्ही तारीख दिली, ते दुसरी मशीन बोलावतात आणि पुढच्या वर्षीही तिलाच बोलावतात. बेअरिंग काही शे रुपयांचं असतं. म्हणून जुन्या मशीनची खरी कामं ती बंद असतानाच उरकून घ्या.

गहू संपला की आधी मशीन झाडून काढा. कॉम्प्रेसरची हवा मारा. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर नको. पाणी आत शिरतं आणि गंज धरतो. एलिव्हेटरच्या बुडाशी, चाळणीखाली, टाकीच्या कोपऱ्यात दाणे राहतात. त्या दाण्यांवर उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडून ठेवतात. सायलेन्सरपाशी भुसा राहिला तर तो पुढच्या हंगामात पेटतो. उभ्या गव्हात मशीनने पेट घेतला तर शेजाऱ्याचं शेतही जातं.

पट्टे सैल करा. बॅटरी काढून घरात ठेवा. काढताना निगेटिव्हची वायर आधी सोडा. डिझेलची टाकी भरलेली असू द्या, नाहीतर पावसाळ्यात रिकाम्या टाकीत ओल धरते आणि ते पाणी पंपात जातं.

आता एक वही घ्या. जुन्या मशीनचं पुस्तक बहुधा हरवलेलंच असतं. तुमची वही हेच तिचं पुस्तक.

प्रत्येक बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो पुसण्याआधी उतरवून घ्या. समजा ६२०५ आहे. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणा, २५ आले. म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. ६३०५ चं भोकही तेवढंच असतं, पण बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२. ते जुन्या बेअरिंगच्या घरात बसणार नाही. म्हणून नंबर अर्धवट सांगू नका, मागची अक्षरंही लिहा.

पट्ट्यावर बी-७२ असेल, तर बी म्हणजे पट्ट्याचा आकार आणि ७२ म्हणजे आतली लांबी, इंचात. आकडा पुसला असेल तर पट्टाच दुकानात घेऊन जा.

चेन ताणून मोजा. अर्ध्या इंची चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पाऊण इंची असेल तर १६ कड्या. माप सव्वाबारा आलं की ती चेन संपली. दात झिजलेल्या स्प्रोकेटवर मात्र नवी चेन चढवू नका, तीही लवकर जाते.

नंबर हाती आले की निम्मं काम झालं. बेअरिंग, पट्टा, चेन, ऑइल सील यासाठी हार्वेस्टरचंच दुकान शोधायची गरज नाही. जिल्ह्याच्या गावी बेअरिंगवाल्याकडे नंबर सांगा. पंजाबात बनलेल्या बऱ्याच जुन्या मशीनना अशोक लेलँडचं इंजिन असतं. त्याचे पार्ट ट्रकच्या पार्टवाल्याकडे विचारा, इंजिनचा नंबर सोबत घेऊन.

जाळी, चाळणी, ड्रमच्या पट्ट्या, गिअरबॉक्सचं सामान मात्र ज्या त्या मशीनचंच लागतं. ते पंजाबातून येतं, नाभा, भादसों, बरनाला या भागातून. मागवण्याआधी मशीनच्या पाटीचा फोटो काढा. तुटलेल्या भागाचाही काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पार्सल ट्रान्सपोर्टने येतं, त्याला वेळ लागतो. हंगामात तिकडून जे ऑपरेटर येतात त्यांना चहाला बसवा आणि कोणतं दुकान खरा माल देतं ते विचारा. त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

ड्रमच्या पट्ट्या समोरासमोरच्या जोडीने बदला. एकच नवी बसवली की ड्रमचा तोल बिघडतो आणि बेअरिंग जातं. सोयाबीनची डाळ जास्त पडायला लागली, तर आधी ड्रमचा वेग कमी करून बघा. मग जाळी तपासा. दोष दर वेळी पार्टचा नसतो.

पिन, बुश, साधा शाफ्ट लेथवाल्याकडून करून घ्या, खुशाल. स्टिअरिंग आणि ब्रेकचे भाग मात्र जुगाडाने चालवू नका. मशीन रस्त्यावरूनही जाते.

दुरुस्ती करताना हेडर वर असेल, तर खाली जाड लाकडी ठोकळा लावल्याशिवाय कुणालाही आत शिरू देऊ नका. हायड्रॉलिकचा पाइप फुटायला वेळ लागत नाही. ड्रममध्ये माल अडकला तर इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, ड्रम पूर्ण थांबू द्या, मगच हात घाला. गिऱ्हाईक कितीही घाई करो. पोरगा नवा असेल तर त्याला हे पुन्हा पुन्हा सांगा.

पोळा झाला की पट्टे ताणा, सगळीकडे ग्रीस भरा आणि मशीन अर्धा तास मोकळी चालवा. मग बंद करून एकेका बेअरिंगच्या घराला हात लावून बघा. इतरांपेक्षा जे जास्त तापलं असेल ते तेव्हाच बदला. सोयाबीन पिवळं पडायला अजून अवकाश असतो.