दिव्याची गाडी

‘वीकएण्डला गोव्याला चाललोय, वंदे भारतने!’ परवा लंच टाइममध्ये ऑफिसातला एक मित्र सांगत होता. मस्तच की! कुठे कुठे थांबते रे, मी विचारलं. त्याने मोबाइल काढला. दादर, ठाणे, पनवेल आणि मग एकदम खेड. म्हणजे पेण, रोहा, माणगाव... पनवेलपुढचा सगळा रायगड पठ्ठ्याच्या एका डुलकीत जाणार. जून 2023मध्ये ही गाडी सुरू झाली, तेव्हा आमच्या बाबांनीही तिचं टाइमटेबल चष्मा लावून वाचलं होतं. ‘माणगाव नाही,’ एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

बाबांची गाडी ठरलेली आहे, दिवा-सावंतवाडी. तिचा नंबर एक्स्प्रेसचा आहे हो, पण तिला एक्स्प्रेस म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. सगळे पॅसेंजरच म्हणतात. रोज सकाळी दिव्याहून निघायचं, छोट्या छोट्या स्टेशनांची विचारपूस करत जायचं आणि मागून एखादी घाईची गाडी आली की बाजूला सरून तिला वाट द्यायची! वाटेत आपटा लागतं. ‘दिलवाले दुल्हनिया’मध्ये काजोल जिथे धावत गाडी पकडते ना, तेच हे स्टेशन. आमच्या गाडीसाठी मात्र एवढं धावावं लागत नाही.

आम्ही श्रीवर्धनचे. समुद्र दारात, रेल्वे मात्र माणगावला, म्हणजे म्हसळ्यावरून एसटीने चांगला दीडेक तासाचा रस्ता. पूर्वी मुंबईपर्यंतचा पूर्ण प्रवास एसटीचाच होता, घाटातल्या उलट्यांसकट. 1990 साली रोह्यात कोकण रेल्वेची पायाभरणी झाली, 1993मध्ये रोहा-वीर टप्पा सुरू झाला आणि बाबांच्या लेखी मुंबई त्याच वर्षी जवळ आली. ठोकूरपर्यंतचा 741 किलोमीटरचा मार्ग पूर्ण व्हायला 1998 उजाडलं. ‘आमचं काम वीरलाच झालं होतं,’ हे बाबांचं त्यावरचं मत.

तेव्हापासून महिन्यातून एकदा ते डोंबिवलीला येतात. आधी मला भेटायला यायचे, आता नातीला. सोबत पिशवी. तिच्यात आमसुलं, आंबोशी आणि रोठा सुपारी. (सुपारी आमच्याकडे कुणीच खात नाही!) ‘बाबा, मी गाडी घेऊन येतो ना,’ असं मी दरवेळी म्हणतो. त्यावर ते हायवेची चौकशी करतात. 2011पासून रुंद होणाऱ्या हायवेची चौकशी म्हणजे बाबांचा नम्र नकार.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याने संप पुकारला. ऑपरेशन ठरलं. लोक डॉक्टरांना खर्च विचारतात, पथ्य विचारतात. बाबांनी विचारलं, ‘पॅसेंजरमध्ये कधी चढता येईल?’ डॉक्टर हसले. मी नाही हसलो. माझा हिशेब वेगळा होता. आता इथेच राहा म्हणायचं, घराला कुलूप लावायचं, मे महिन्यात सगळ्यांनी मिळून जायचं. बायकोशी बोलूनही झालं होतं. फक्त बाबांना सांगायचं राहिलं होतं.

ते सांगायला दोन महिने मिळाले आणि मी ते वाया घालवले. बाबा आमच्या सोसायटीच्या जिन्यावर प्रॅक्टिस करत होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हा मंत्र सुनेला ऐकवत होते. एका शुक्रवारी रात्री म्हणाले, ‘उद्या सकाळी दिव्याला सोड.’

मी सोडलं नाही, सोबत गेलो. दिव्याला त्यांनी दांडा पकडला, पाय उचलला आणि मध्येच थांबले. मागून मी, आतून टोपलीवाली एक मावशी. तिने हात धरून त्यांना ओढून घेतलं. पुढे पेणपर्यंत ती आणि बाबा गुडघेदुखीवर बोलत होते. एका खांद्यावर पिशवी घेऊन मी दारातच उभा होतो. घराच्या कुलपाचं मनात दहा वेळा जुळवून झालं होतं.

कोलाड गेलं. इंदापूर गेलं. माणगाव आलं.

‘दुखरा आधी,’ बाबा स्वतःशी पुटपुटले आणि उतरले. मग मागे वळून माझ्याकडे हात केला.

‘पिशवी दे. आणि चल लवकर, श्रीवर्धनची एसटी लागली असेल.’